शेवटच्या दोघांत

साहित्य संमेलनाचा अध्यक्ष ठरला की महाराष्ट्रात एका घरी आनंद होतो आणि बाकीच्या घरांना विषय मिळतो. ज्यांनी गेल्या दहा वर्षांत दिवाळी अंकातल्या राशिभविष्यापलीकडे काही वाचलेलं नाही, त्यांचंही अध्यक्षाबद्दल ठाम मत असतं. अध्यक्ष कसा निवडावा याबद्दल तर त्याहून ठाम.

ही निवड फार वर्षं मतपेटीतून व्हायची. २०१८ साली अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळानं आपली घटना बदलली आणि निवडणूक काढून टाकली. लेखकानं मतं मागत दारोदार फिरणं शोभत नाही, तेव्हा यापुढे अध्यक्षपद सन्मानानं द्यायचं, असं ठरलं. निर्णय चांगला होता, आणि माझा अतिशय तोटा करणारा होता. कारण मी मतदार होतो.

या बदलाचं महत्त्व कळायला थोडा इतिहास पाहावा लागतो. १८७८ साली पुण्यात पहिलं ग्रंथकार संमेलन भरलं, ते लोकहितवादी आणि रानडे यांच्या पुढाकारानं. अध्यक्ष कोण? रानडेच. ज्यानं बोलावलं त्यानंच खुर्चीत बसावं, इतकी सुटसुटीत पद्धत पुन्हा कुणाला सुचलेली नाही. अर्ज नाही, छाननी नाही, माघारीची मुदत नाही. पुढे गावोगावी साहित्यसंस्था निघाल्या. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ची, नागपूरचा विदर्भ साहित्य संघ १९२३चा, मुंबई मराठी साहित्य संघ १९३५चा आणि मराठवाडा साहित्य परिषद १९४३ची. या चौघांना एकत्र बांधायला १९६१ साली महामंडळ झालं. आता पुणेकर, मुंबईकर, नागपूरकर आणि औरंगाबादकर यांना एका टेबलाशी बसवायचं तर ते टेबल कुणाच्या गावात ठेवायचं, हा प्रश्न आला. त्यावर काढलेली तोड अजोड आहे. टेबलच फिरतं ठेवायचं. महामंडळाचं कार्यालय दर तीन वर्षांनी गाव बदलतं. २०१३ला पुणे, २०१६ला नागपूर, २०१९ला औरंगाबाद, २०२२ला मुंबई, २०२५ला पुन्हा पुणे. कार्यालयाबरोबर महामंडळाचा अध्यक्षही बदलतो. (महामंडळाचा अध्यक्ष वेगळा आणि संमेलनाचा अध्यक्ष वेगळा. हे एकदा सांगून ठेवतो, कारण आमच्या शेजारच्या नानांना मी हे दर वर्षी सांगतो आणि ते दर वर्षी नव्यानं थक्क होतात.) पदाची मुदत कशी पाळावी हे ज्यांना शिकायचं असेल त्यांनी हे फिरतं टेबल बघावं. तीन वर्षं झाली की पुढच्या गावचे लोक टेम्पो घेऊन दारात उभे असतात. अशा वेळी कुणाला मुदतवाढ सुचेल?

संमेलनाध्यक्षाची निवडणूक मात्र वेगळीच चीज होती. मराठी बोलणारे २०११च्या जनगणनेनुसार आठ कोटींच्या वर. त्यांच्या साहित्याचा सर्वोच्च मान कुणाला द्यायचा हे ठरवणारे मतदार हजाराच्या आसपास. यात चार घटक संस्थांचे, महाराष्ट्राबाहेरच्या संलग्न संस्थांचे, ज्या गावी संमेलन भरणार तिथल्या निमंत्रकांचे असे सगळे आले. २०१७ साली बडोद्याच्या संमेलनासाठी शेवटची निवडणूक झाली, ती लक्ष्मीकांत देशमुख ४२७ मतं मिळवून जिंकले. एवढ्या मतांत आमच्याकडे ग्रामपंचायतीचा सदस्यही धड निवडून येत नाही. पण म्हणूनच त्या हजारातल्या प्रत्येकाला जे मोल होतं, ते आमदारकीच्या मतदाराला कधी आलं नसेल.

माझं नाव त्या यादीत कसं गेलं, ते मला खरोखर माहीत नाही. संस्थेच्या वार्षिक सभेला आभारप्रदर्शन संपेपर्यंत जे बसून राहतात त्यांची नावं यादीत जात असावीत, असा माझा तर्क आहे. एकदा नाव गेलं की संमेलनाआधीचे दोन-तीन महिने आयुष्य पालटून जायचं. एरवी मला फोन करतात ते बँकेतून, तेही कर्ज हवं का विचारायला. त्या दिवसांत मात्र थोर थोर लोक फोन करत.

"सर, ओळखलंत का?"

ओळखण्याचा प्रश्न नव्हता. त्यांचा धडा माझ्या मुलीला नववीला होता.

"सर, तुमचा कवितासंग्रह सध्या वाचतोय. उशाशीच आहे."

"कुठला?"

"तोच. निळ्या मुखपृष्ठाचा."

"हिरवं आहे मुखपृष्ठ."

"हिरवंच. पण त्यात एक निळी छटा आहे सर, ती तुमच्या कवितेतही उतरलीय."

फोन ठेवल्यावर मी कपाटातून संग्रह काढून उजेडात धरला. निळी छटा होती. इतक्या वर्षांत मला दिसली नव्हती, प्रकाशकाला तर नाहीच. थोर लेखकाची दृष्टी म्हणतात ती ही. आमच्या हिनं पुस्तक हातात घेऊन, "बुरशी आहे ती," असं सांगितलं. पण ती मतदार नव्हती.

निवडणूक रद्द करणाऱ्यांनी ही बाजू विचारात घेतली नाही, अशी माझी नम्र तक्रार आहे. हे हजारभर मतदार बहुतेक स्वतः लिहिणारे. कुणाचे दोन संग्रह, कुणाची एक कादंबरी, कुणाचं तालुक्याच्या बोलीवरचं संशोधन. ही पुस्तकं कोण वाचणार? समीक्षक वाचत नाहीत, घरचे वाचत नाहीत, ज्याला अर्पण केलंय तोही पहिल्या पानापाशी थांबतो. महाराष्ट्रात या पुस्तकांना सक्तीचे वाचक एवढेच होते: संमेलनाध्यक्षपदाचे उमेदवार. दर वर्षी तीन-चार नामवंत लेखक हजारभर अनाम लेखकांची पुस्तकं वाचत, निदान चाळत, निदान त्यांचे रंग तरी पाठ करत. ग्रंथालय चळवळीला जे जमलं नाही ते या निवडणुकीनं करून दाखवलं होतं. २०१८नंतर माझ्या संग्रहाबद्दल मला एकही फोन आलेला नाही.

शिवाय पुस्तकं यायची ती वेगळीच. उमेदवार आपलं समग्र वाङ्मय पाठवत. खोक्यातून. वर शाईच्या पेनानं लिहिलेलं, 'मर्मज्ञ रसिक श्री. … यांस सस्नेह'. ज्यांना मी मर्मज्ञ वाटलो अशी माणसं पुन्हा आयुष्यात भेटली नाहीत. निवडणुकीच्या वर्षी आमच्या घरातलं मराठी साहित्य किलोच्या हिशेबानं वाढायचं आणि माळ्यावर चढायचं. पडलेल्यांचं आधी चढायचं.

मतपत्रिका टपालानं घरी येई. मतदान गुप्त. पाकिटात पाकीट, त्यावर सूचना. ती पडली त्याच संध्याकाळी पहिला फोन येई, "आली का?" पोस्टमनला जे ठाऊक ते उमेदवाराच्या माणसाला आधी ठाऊक असे. मग दुसरा प्रश्न, "भरलीत का, की आम्ही येऊन मदत करू?" गुप्त मतदानात मदत कसली करणार, हे विचारायची सोय नव्हती. समोरचा इतक्या आपुलकीनं बोलत असे की नाही म्हटलं तर आपणच साहित्यद्रोही ठरायचो. कोऱ्या मतपत्रिका गोळा होतात, गठ्ठ्यानं भरल्या जातात, अशा तक्रारी त्या काळी वरचेवर होत. चौकशीची मागणी होई. मग संमेलन येई, आणि तिथल्या जेवणाच्या तक्रारीत ही तक्रार बुडून जाई.

हे सगळं गमतीचं होतं ते आमच्यासारख्यांना. उभं राहणाऱ्यांना नव्हतं. १९९२ साली कोल्हापूरच्या संमेलनासाठी इंदिरा संत उभ्या राहिल्या आणि पडल्या. निवडून आले रमेश मंत्री. मंत्री विनोदी लेखक, त्यामुळे त्यांच्याबद्दल वाईट बोलणं विनोदी लेख लिहिणाराला परवडत नाही. आमच्या जमातीला एकदा काही मिळालं तर तेही काढून का घ्या? पण खरं सांगायचं तर त्या निकालाची खंत मराठी वाचकाच्या मनातून अजून गेलेली नाही, आणि निवडणूक नको असं म्हणणारा प्रत्येक जण पुढची सव्वीस वर्षं तोच दाखला देत आला. निवडणुकीत चूक कुणाची, हे कधीच सापडत नाही. कोल्हापूरच्या निकालाबद्दल मी ज्या ज्या जुन्या मतदाराला विचारलं, त्या प्रत्येकानं इंदिराबाईंनाच मत दिलं होतं.

आणि जे उभेच राहिले नाहीत त्यांची यादी काढली तर तेच एक भारी संमेलन होईल. जी. ए. कुलकर्णी, विजय तेंडुलकर, विंदा करंदीकर. ज्ञानपीठ मिळालेले मराठी लेखक चार. त्यांतले खांडेकर १९४१ला सोलापूरला आणि कुसुमाग्रज १९६४ला मडगावला संमेलनाध्यक्ष होते. विंदा झाले नाहीत, आणि नेमाडे तर संमेलनाचं नाव काढलं तरी काय बोलतील याचा भरवसा नाही. ज्ञानपीठासाठी अर्ज भरून सूचक-अनुमोदकाच्या सह्या आणून हजार लोकांना फोन करावे लागत असते, तर आपल्याकडे चार तरी आली असती का, शंका आहे.

तर २०१८ला श्रीपाद भालचंद्र जोशी महामंडळाचे अध्यक्ष असताना, म्हणजे टेबल नागपुरात असताना, घटनादुरुस्ती झाली. नवी रीत अशी की घटक संस्था, संलग्न संस्था आणि निमंत्रक यांनी नावं सुचवायची, महामंडळाच्या बैठकीत त्यांवर चर्चा करायची आणि एक नाव ठरवायचं. पहिल्याच बैठकीत अरुणा ढेरे यांचं नाव एकमतानं ठरलं. सगळीकडे समाधान पसरलं. नाव असं होतं की भांडायला जागा नव्हती, आणि मराठी साहित्यविश्वात भांडायला जागा नसणं ही फार अवघड परिस्थिती असते. पण भांडणही हुशार. अध्यक्षाची खुर्ची बंद झालीय म्हटल्यावर ते सरकून शेजारच्या उद्घाटकाच्या खुर्चीत जाऊन बसलं. यवतमाळच्या या संमेलनाला उद्घाटक म्हणून नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण ऐन वेळी मागे घेतलं गेलं, देशभर गदारोळ झाला, आणि संमेलन सुरू व्हायच्या आत जोशींनीच राजीनामा दिला. ज्यानं नवी पद्धत आणली, त्यालाच तिचं पहिलं फळ व्यासपीठावरून बघता आलं नाही. इतका नेमका विनोद मी लिहिला असता तर संपादकांनी 'ओढूनताणून वाटतो' म्हणून परत पाठवला असता.

आता मुदतीचं बघू. संमेलनाध्यक्षाची मुदत किती, या प्रश्नाला लोक 'एक वर्ष' म्हणतात. तसं नाही. ती एका संमेलनापासून दुसऱ्या संमेलनापर्यंत असते, आणि दुसरं संमेलन कधी भरेल हे मांडव, निधी आणि महामारी यांवर अवलंबून असतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२०ला उस्मानाबादला अध्यक्ष झाले, मागोमाग करोना आला, आणि पुढचं संमेलन नाशिकला भरलं ते डिसेंबर २०२१ला. जवळजवळ दोन वर्षं. नाशिकचे अध्यक्ष जयंत नारळीकर. प्रकृतीमुळे ते मंडपात येऊ शकले नाहीत, आणि एप्रिल २०२२ला उदगीरला भारत सासणे अध्यक्ष होऊन मोकळेही झाले. म्हणजे नारळीकरांच्या वाट्याला पाच महिनेही नाहीत. काळ सापेक्ष असतो हे ज्यांनी आम्हांला सोप्या मराठीत समजावलं, त्यांच्याच मुदतीवर महामंडळानं त्याचं प्रात्यक्षिक करावं, हे बरं दिसलं नाही. आणि ज्यांना काळच मिळाला नाही असे आनंद यादव. २००९च्या महाबळेश्वरच्या संमेलनासाठी ते रीतसर निवडून आले, पण तुकारामांवरच्या त्यांच्या कादंबरीवरून वाद पेटला आणि त्यांना संमेलनाआधीच पद सोडावं लागलं. ते संमेलन अध्यक्षाविनाच पार पडलं. संमेलन अध्यक्षाविना होऊ शकतं हे तेव्हा सिद्ध झालं. स्वागताध्यक्षाविना होऊ शकेल का, हे करून बघायची हिंमत अजून कुणी दाखवलेली नाही.

कारण खरी गोम तिथे आहे. संमेलनाध्यक्षाच्या हातात असतं काय? एक भाषण, तीन दिवसांच्या शाली आणि वर्षभराची उद्घाटनं. सहीचा अधिकार नाही, खर्चाचा नाही, मांडवातला एक पंखा आपल्याकडे वळवायचा म्हटलं तरी कार्यकर्त्याला विनवावं लागतं. पैसा, गाड्या, मांडव, भोजन हे सगळं स्वागताध्यक्षाच्या भरवशावर. स्वागताध्यक्ष बहुधा मंत्री, माजी मंत्री किंवा कारखानदार. २०२५च्या दिल्लीच्या संमेलनाला शरद पवार होते. एवढं वजनदार पद, पण त्याची निवडणूक घ्या, मुदत ठरवा, घटनादुरुस्ती करा, असं मी तरी कधी ऐकलं नाही. ज्या खुर्चीत काही नाही तिच्यासाठी दीडशे वर्षं पद्धती शोधतो आहोत, आणि ज्या खुर्चीत सगळं आहे ती ज्याची त्याला आपोआप सापडते.

संमेलनाध्यक्षाचं खरं पद त्याची मुदत संपल्यावर सुरू होतं. ते म्हणजे माजी संमेलनाध्यक्ष. ते मात्र तहहयात. निमंत्रणपत्रिकेवर, पुस्तकाच्या मलपृष्ठावर, शाळेच्या स्नेहसंमेलनात, नातवाच्या लग्नपत्रिकेत 'आपले नम्र'च्या खाली, सगळीकडे चालतं. चालू अध्यक्ष एक असतो, त्यामुळे एका दिवशी एकाच गावी जाऊ शकतो. माजी अनेक असतात, जिल्ह्याला पुरतात.

नव्या पद्धतीत निवड कशी होते ते बंद दाराआड असतं. त्यामुळे दाराबाहेर नवा उद्योग उभा राहिला आहे. बैठकीच्या आधी पंधरा दिवस वर्तमानपत्रांत 'चर्चेतली नावं' येतात. ही चर्चा कुठे चालते ते कुणी पाहिलेलं नाही, पण नावं येतात. मग आडाखे. गेल्या वर्षी मराठवाडा झाला, यंदा विदर्भ नको. मागचे न्यायमूर्ती होते, आता कादंबरीकार हवा. स्त्रीला देऊन किती वर्षं झाली? ग्रामीणचं काय? नाटकवाल्यांनी काय घोडं मारलंय? आमचे नाना, ज्यांनी शेवटची कादंबरी कॉलेजात वाचली, तेही आडाखे बांधतात, आणि लाजिरवाणी गोष्ट ही की त्यांचे माझ्यापेक्षा जास्त वेळा बरोबर येतात.

पण काट्याचा हिशेब केला तर नव्या पद्धतीला नावं ठेवणं अवघड आहे. पहिल्या एक्याण्णव संमेलनांत स्त्रिया अध्यक्ष झाल्या चार: कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शान्ता शेळके आणि विजया राजाध्यक्ष. नंतरच्या आठांत दोन झाल्या, यवतमाळला अरुणा ढेरे आणि दिल्लीला तारा भवाळकर. नारळीकर, नरेंद्र चपळगावकर, भवाळकर ही माणसं मतपत्रिकेच्या पाकिटामागे फोन करत बसली असती, असं मला वाटत नाही. रवींद्र शोभणे यांची गंमत तर दोन्ही पद्धतींची फळं एकाच ताटात वाढणारी. २०१७च्या निवडणुकीत ते पडले, आणि २०२४ला अमळनेरला तेच एकाही मतदाराला फोन न करता अध्यक्ष झाले. मतदारांची चूक महामंडळानं सुधारली म्हणायचं, की महामंडळाला मतदारांची आठवण आली म्हणायचं, हे ज्यानं त्यानं आपल्या गावाप्रमाणे ठरवावं.

माझी अडचण दुसरीच आहे. निवडणुकीत हरणारे मोजके होते. चार उभे राहिले तर तीन पडले. कुणाला किती मतं ते छापून येई, आणि विषय मिटे. नव्या पद्धतीत उभं कुणीच राहत नाही, त्यामुळे निकाल लागला की महाराष्ट्रातले सगळेच पडतात. ज्या ज्या माणसानं पुस्तक छापलं आहे तो त्या संध्याकाळी थोडा पडलेला असतो. आणि मतमोजणी नसल्यामुळे कोण किती पडला याचा पुरावाही नाही. या जागेवर एक नवा वाङ्मयप्रकार फुललाय. कुठल्याही कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी ज्येष्ठ साहित्यिक कप बशीत ठेवतात, इकडे तिकडे पाहतात आणि हळूच म्हणतात, "यंदा माझं नाव शेवटच्या दोघांत होतं."

एका वर्षी मी नुसत्या ऐकीव माहितीवर हिशेब ठेवला. त्या वर्षीच्या शेवटच्या दोघांत किमान अकरा जण होते. त्यांतले सहा पुण्याचे.

याच्या वरचा दर्जा म्हणजे, "मला विचारलं होतं, मीच नाही म्हटलं." नकाराची परंपरा आपल्याकडे संमेलनाइतकीच जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८८५च्या ग्रंथकार सभेला यायला नकार दिला तो पत्र लिहून, कारणं देऊन, आणि ती कारणं आजही मांडवाला झोंबतात. पण फुल्यांना खरोखरच बोलावलं होतं. हल्लीच्या नकाराला निमंत्रणाची अट नसते.

जानेवारी २०२६ला साताऱ्याला नव्व्याण्णवावं संमेलन झालं, विश्वास पाटील अध्यक्ष होते. आता येतं शंभरावं. शंभराव्याचा अध्यक्ष म्हणजे कायमचा मान, त्यामुळे आडाखे आत्तापासूनच आहेत. आमच्या संस्थेतले एक ज्येष्ठ कवी परवा रस्त्यात भेटले. शबनम पिशवीतून त्यांनी टाइप केलेला कागद काढून दाखवला. महामंडळाला उद्देशून पत्र होतं. 'आपण दाखवलेल्या विश्वासाबद्दल ऋणी आहे, तथापि प्रकृतीच्या कारणास्तव…'

"विचारलंय की काय तुम्हांला?" मी चकित होऊन विचारलं.

"अजून नाही," ते म्हणाले. "पण ऐन वेळी धावपळ नको. तारीख तेवढी मोकळी ठेवलीय. तुम्ही जरा शुद्धलेखन बघून द्या."

'प्रकृतीच्या'मधला 'प्र' त्यांनी सुटा लिहिला होता. मी तो जोडून दिला.